काठावरचे नाव

लढाईहून परतलेल्या शिपायाच्या ट्रंकेत तीन तऱ्हेच्या वस्तू सापडतात : सरकारने दिलेल्या, परमुलखातल्या बाजारात हाती आलेल्या आणि रणांगणावर उचललेल्या. गेली काही वर्षे बीड जिल्ह्यात घरोघर फिरून मी या वस्तूंची नोंद करतो आहे. मी त्या विकत घेत नाही. का घेत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

बीड तर निजामाच्या मुलखात होते. इंग्रजांच्या लढाईशी त्याचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. संबंध दोन वाटांनी आला. आष्टी-पाटोद्याची शीव इंग्रजी अंमलातल्या नगर जिल्ह्याला लागून होती आणि सोयरीक दोन्हीकडची. दुसरी वाट अंबाजोगाईची. तेव्हाच्या या मोमिनाबादेत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात सामील झाले आणि त्याच्या घोडदळातून पुढे आलेल्या ‘विसाव्या डेक्कन हॉर्स’ने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडपाशी घोड्यांवरून चढाई केली. त्या रिसाल्यात शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमान स्वारही होते.

पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक पुष्कळ घरांत होते. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहा, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार. आष्टी तालुक्यातल्या एका घरी असे पदक देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीत ठेवलेले मी पाहिले, घोडेस्वाराची बाजू दर्शनी. घरातल्या आजी लग्न होऊन आल्यापासून त्याला खंडोबा समजून भंडारा वाहत आल्या. तो इंग्रजांचा संत जॉर्ज आहे आणि घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडचिन्हाची ढाल आहे, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “आमच्या मामंजींला त्यानंच माघारी आणलं. मग देव कुणाचा का असंना!”

संशोधकाने मात्र या पदकाच्या दोन्ही बाजूंपेक्षा त्याची कड पाहावी. तिथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. नावाचे स्पेलिंग पुष्कळदा वेडेवाकडे, पण नाव असते. लढणाऱ्यांना हे पदक चांदीचे मिळाले; भिस्ती, स्वयंपाकी, मजूर पलटणीतले लोक यांना काशाचे. म्हणजे धातूवरूनही माणूस कोणत्या कामावर होता, याचा अंदाज येतो.

या काठावरच्या नावाचे मोल कळायला बसऱ्याला जावे लागते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तिन्ही पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाल्यावर कैदेत गेल्या. या मोहिमेत मेलेल्या, पण कबर वा चितास्थान ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले. गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली. साध्या हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा दिला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

मृतांच्या वारसांना १२० मिलिमीटर व्यासाची काशाची गोल पाटी मिळाली. तिच्यावर नाव आहे, हुद्दा मुद्दाम गाळलेला. जनरल आणि शिपाई तिच्यावर सारखेच. म्हणजे ज्याचे नाव दगडावर आले नाही, त्याचे नाव धातूवर कुणाच्या तरी फडताळात उरले आहे. पण चांदीच्या पदकाचे वजन सुमारे अडीच तोळे. अडचणीच्या वर्षी ते सराफाकडे मोडीत जाते आणि काठावरचे नाव मुशीत वितळते.

बाजारातून आणलेल्या वस्तूंवर मालकाचे नाव नसते. तिथे घरची हकीकत हाच आधार, आणि तीही तपासून घ्यावी लागते. केज तालुक्यातल्या एका घरी ‘पेशवाईतला रुपया’ म्हणून मोठे चांदीचे नाणे दाखवले गेले. साल १७८०, वर एका बाईचा मुखवटा. तो ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थेलर. राणी १७८० मध्ये वारली. नाणे पुढे शतक-दीड शतक पडत राहिले, साल तेच. इथिओपिया आणि इरिट्रियात ते चलनी होते आणि १९४०-४१ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. घरचे आजोबा मराठा पलटणीतून केरेनच्या लढाईला गेले होते. केरेन पडले २७ मार्च १९४१ रोजी. आफ्रिकेतून आठवण म्हणून आणलेले नाणे कदाचित मुंबईतच जन्मले असेल!

ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेल्या जपानी रुपयांच्या नोटांचेही असेच. जपानी सरकारच्या वचनाच्या या नोटा युद्धानंतर कवडीमोल ठरल्या. घरोघर मात्र ‘आज याचे लाखो मिळतील’ अशी समजूत आहे. तसे नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

रणांगणावरून उचललेल्या वस्तूंत तोफगोळ्यांची पितळी नळकांडी मुख्य. त्यांच्या बुडावर साल आणि कारखान्याची खूण असते. न फुटलेला गोळा असल्याची शंका आली, तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

संग्राहक वस्तू नेतात तेव्हा काय होते? पदकावर नाव असते, पण बहुधा गावाचा पत्ता नसतो. तो शिपाई कोणत्या वाडीचा, मागे कोण राहिले, हे फक्त घराला माहीत. वस्तू परगावी गेली की नाव आणि गाव यांची ताटातूट होते, आणि मग ती जोडणे जवळजवळ अशक्य. म्हणून मी काठाचे छायाचित्र घेतो, सांगणाऱ्याचे नाते, वय आणि तारीख वहीत लिहितो आणि एक प्रत त्याच घरी ठेवतो. पहिल्या महायुद्धातल्या वस्तू आता शंभरी ओलांडून गेल्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येणारी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही घरच्यांना सांगतो.

दिवाळीच्या साफसफाईत अशी ट्रंक उघडली गेली, तर पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका, अक्षरे झिजतात. आधी भिंगातून कड वाचा आणि घरातले सर्वांत वयस्क माणूस सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा.