कवटीचा तडा आणि अँटिबायोटिकचा आग्रह

दुचाकीवरून डोक्यावर पडलेला माणूस शुद्धीवर येतो, बोलू लागतो. डोळ्यांभोवती काळंनिळं झालेलं, कानामागे तसाच डाग आणि पुढे वाकला की नाकातून स्वच्छ पाणी ठिबकतं. घरच्यांना वाटतं, सर्दी झाली. पण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. कवटीच्या तळाचं हाड काही ठिकाणी कागदासारखं पातळ असतं. त्याला तडा गेला आणि त्याला चिकटलेलं मेंदूचं आवरण फाटलं, की नाक आणि मेंदू यांच्यातला पडदाच उरत नाही.

नाकाघशात न्यूमोकोकस जंतू एरवीही मुक्कामाला असतो. तो वर चढला तर मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह होतो आणि त्यात जीवही जातो. मग आधीच अँटिबायोटिक का देऊ नये? नातेवाइकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे.

या आग्रहाला इतिहासही आहे. १९४३ मध्ये पेनिसिलिनवर संशोधन करणारे हॉवर्ड फ्लोरी आणि मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स पेनिसिलिन घेऊन उत्तर आफ्रिकेच्या युद्धभूमीवर गेले, जखमी सैनिकांवर त्याचा उपयोग पाहायला. उघड्या जखमेतून कवटी फुटून माती, केस आत गेले असतील तर जखम धुऊन अँटिबायोटिक आजही देतातच. तळाच्या बंद तड्याचं तसं नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५ चाचण्यांमधले २०८ रुग्ण होते. औषध घेतलेल्यांना मेनिंजायटिस कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. चाचण्या लहान होत्या, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण सरसकट औषध देण्याला आधार मिळत नाही, हे खरं.

आवरणांना सूज नसताना बरीचशी अँटिबायोटिक मेंदूभोवतीच्या पाण्यात फारशी उतरत नाहीत. नाकातले साधे जंतू मात्र मरतात आणि औषधाला न जुमानणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. पुढे खरोखर संसर्ग झाला तर तो आटोक्यात आणणं अधिक अवघड.

म्हणून डॉक्टर औषध लिहीत नाहीत, तेव्हा ते हलगर्जीपणा करत नसतात. डोकं उंच ठेवायचं, नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही. पोटात नळी घालायचीच झाली तर तोंडातून, नाकातून नव्हे. बहुतेकांची गळती आठवडाभरात आपोआप थांबते. थांबली नाही तर शस्त्रक्रियेने भोक बुजवतात. गळती असलेल्यांना न्यूमोकोकसची लस देण्याचीही शिफारस आहे.

ताप, मान आखडणं, उलट्या, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर तत्काळ रुग्णालय गाठायचं. संसर्ग कधी कधी काही वर्षांनीही होतो. तेव्हा नव्या डॉक्टरांना तो जुना अपघात आवर्जून सांगायला हवा.