हिमशिखरांच्या पायथ्याशी फुललेली बाग

फ्रान्समधील आल्प्स पर्वतात लोतारे नावाची खिंड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवरील या खिंडीत १८९९ साली एक वनस्पती-उद्यान स्थापन झाले. समोर मेज शिखराच्या हिमनद्या, आणि पायाशी जगातील निरनिराळ्या पर्वतांवरून आणून जोपासलेल्या सुमारे २००० जातींच्या वनस्पती!

वाचकहो, एवढ्या थंडीत फुले फुलतात तरी कशी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. वर्षातील बराच काळ तेथील भूमी बर्फाखाली असते. उमलणे, फळणे आणि बी धरणे, सारे काही अल्पशा उन्हाळ्यात उरकावे लागते. म्हणून कित्येक वनस्पती उंच वाढतच नाहीत. उशीसारख्या गोल व दाट होऊन जमिनीला बिलगतात. बोचरा वारा वरून निघून जातो आणि उन्हात मिळालेली ऊब आत टिकून राहते. एडलवाइसचे फूल पांढऱ्या लोकरीसारखी लव पांघरते. आपल्या हिमालयातील ब्रह्मकमळ कागदासारख्या पातळ, फिकट पानांच्या वेष्टनात आपली फुले जपते. (आपल्या घरच्या कुंडीत रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ मात्र निवडुंगाच्या कुळातील, मूळचे अमेरिकेचे.) एडलवाइस आणि हिमालयातील ब्रह्मकमळ ही दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातील. संकट एकच, परंतु त्यावरील उपाय किती नाना प्रकारचे! पर्वतीय फुलांच्या विविधतेचे एक मर्म हेच होय.

आज मात्र या फुलांपुढे उलट संकट उभे आहे. हवा तापू लागली, तशा खालच्या वनस्पती आल्प्सच्या शिखरांकडे सरकू लागल्या आहेत. जी आधीच माथ्यावर आहेत, त्या फुलांनी कोठे जावे? २०१६ साली लोतारे परिसरात संशोधकांनी उंचावरील कुरणाचे तुकडे मातीसकट उचलून सुमारे ५०० मीटर खाली नेऊन बसविले. तेथील उष्णता सुमारे ३ अंशांनी अधिक. उद्याच्या हवेत या वनस्पतींचे काय होईल, हे आजच पाहण्याचा हा प्रयत्न.

असा ठेवा आपल्याही देशात आहे. उत्तराखंडातील ‘फुलों की घाटी’ १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाली, आणि २००५ साली जागतिक वारसा ठरली. आपण सहकुटुंब तेथे जाल, तेव्हा मुलांना फुले अवश्य दाखवा. पण एकही तोडू देऊ नका. त्या एका फुलात पुढच्या उन्हाळ्याचे बी असते.