उतरत्या वयाचा बहार

टेनिस हा काही आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील मातीतला खेळ नव्हे. तरीही दूरचित्रवाणीने हा परका खेळ घरात आणून बसविला आणि एक वाद आमच्याकडील बैठकींतही रंगू लागला. फेडरर, नदाल व जोकोविच या तिघांपैकी सर्वांत अधिक प्रमुख अजिंक्यपदे अखेरीस कोणाच्या नावावर राहणार? विंबल्डनचा अंतिम सामना 2024 पर्यंत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होत असे. त्या दिवशी रात्रीची जेवणे लांबत आणि गृहिणींचा रोष ओढवत असे.

या वादातील दोन खाती आता बंद झाली आहेत. फेडररने सप्टेंबर 2022 मध्ये निरोप घेतला, तो 20 अजिंक्यपदांवर. नदालने नोव्हेंबर 2024 मध्ये रॅकेट ठेवली, ती 22 वर. त्यांपैकी 14 एकट्या पॅरिसच्या लाल मातीवरची. जोकोविचने सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकन स्पर्धा जिंकून 24 चा आकडा गाठला. (त्याच वर्षी आपले दोन्ही तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, म्हणून हे साल आमच्या विशेष लक्षात राहिले.) 2009 मध्ये फेडररने पीट सँप्रसचा 14 अजिंक्यपदांचा उच्चांक ओलांडला, तेव्हा हा विक्रम आता कोणी मोडणे नाही, असे जाणकार म्हणत. तो एक सोडून दोघांनी मोडला.

आम्हांस कुतूहल वाटते ते आकड्यापेक्षा वयाचे. पस्तिशी ओलांडलेल्या शरीराने ही भर घातली कशी? आमच्या संत्रा बागाईतदारांना याचे उत्तर फोडून सांगावे लागणार नाही. झाडाला आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार घेऊ दिले, तर फळ बारीक राहते आणि झाड लवकर खचते. म्हणून जाणता शेतकरी एकच बहार धरतो. पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि वेळ आली की पुन्हा पाणी सोडतो. फेडररने नेमके हेच केले. 2016 च्या उत्तरार्धात सहा महिने तो कोर्टावर उतरलाच नाही. जानेवारी 2017 मध्ये परतला आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकला. पुढे मातीच्या कोर्टावरील सारा हंगाम त्याने सोडून दिला, आणि त्या जुलैत विंबल्डन एकही सेट न गमावता पदरात पाडून घेतले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 2018 मध्ये, मेलबर्नला विसावे अजिंक्यपद आले.

पण ताण देण्याचेही गणित दर वेळी जमत नाही. 2019 च्या विंबल्डन अंतिम सामन्यात, अडतिशीच्या उंबरठ्यावर, पाचव्या सेटमध्ये 8-7 असताना त्याच्या हाती विजयाचे दोन गुण होते. दोन्ही हुकले, आणि चार तास सत्तावन्न मिनिटांनंतर जोकोविच जिंकला. त्यांपैकी एक गुण साधला असता तर आज हिशेब 21 आणि 23 असा राहिला असता. क्रम तोच, पण फेडररच्या चाहत्यांचा सल मात्र वेगळा असता.

जोकोविचचे खाते निराळे. 2022 मध्ये लस न घेतल्यामुळे त्याला ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या दोन्ही स्पर्धांना मुकावे लागले. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर आमच्या वाचकांत एकमत होणार नाही. आमच्या मते त्याने आपल्या हाताने बाग सुकविली. तरीही पुढच्याच वर्षी त्याने चारांपैकी तीन स्पर्धा जिंकल्या.

आकड्यांनी सर्व न्याय होतो असे मात्र नव्हे. रॉड लेव्हरच्या नावावर 11 अजिंक्यपदे. पण 1962 मध्ये चारही प्रमुख स्पर्धा जिंकून तो व्यावसायिक झाला आणि 1968 पर्यंत त्याला त्या स्पर्धांची दारे बंद राहिली. परतल्यावर 1969 मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या. मधल्या पाच वर्षांत त्याच्या नावावर काय जमा झाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. स्त्रियांमध्ये मार्गारेट कोर्ट यांच्या नावावरही 24 आहेत. त्यांपैकी 13 ही 1968 पूर्वीची, म्हणजे व्यावसायिकांना प्रवेश नव्हता त्या काळातील.

2024 आणि 2025 या दोन वर्षांतील आठही प्रमुख स्पर्धा अल्काराझ आणि सिनर या दोघा तरुणांनी वाटून घेतल्या, आणि 2025 च्या अखेरीस जोकोविचचा आकडा 24 वरच होता. तिघांतील पहिला क्रमांक त्याचाच, याबद्दल आता वाद उरलेला नाही. उरला आहे तो पंचविसाव्याचा. 1968 नंतरच्या काळात पुरुष एकेरीचे प्रमुख अजिंक्यपद सर्वांत अधिक वयात जिंकणारा खेळाडू केन रोझवॉल. 1972 मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या वेळी तो 37 वर्षांचा होता. जोकोविचने मे 2025 मध्ये अडतिसावे वर्ष पूर्ण केले.