डिझेल इंजिनचा कारखानदार, गावाचा खिदमतगार

वीज गेली की यंत्रमागाच्या कारखान्यात, छापखान्यात, इस्पितळात जे जनरेटर धडधडू लागतात, त्यांपैकी कित्येकांवर ‘कमिन्स’ हे नाव असते. पुण्यात 1962 साली किर्लोस्करांच्या भागीदारीत या कंपनीचे काम सुरू झाले, त्यामुळे आपल्या गॅरेजवाल्या मिस्त्र्यांनाही हे नाव परके नाही. परंतु अमेरिकेतील मूळ कंपनी ज्यांनी नावारूपाला आणली, ते जे. अर्विन मिलर आपल्या व्यापारीवर्गाला फारसे माहीत नाहीत.

मिलर यांचा जन्म 1909 साली इंडियाना राज्यातील कोलंबस या लहानशा गावी झाला. घराणे बँकवाल्यांचे. व्याजाच्या धंद्याचा तो भाग आपण सोडून देऊ. त्यांच्या आजीच्या भावाकडे क्लेसी कमिन्स नावाचा मोटार ड्रायव्हर होता. हा माणूस हाडाचा मिस्त्री आणि डिझेल इंजिनाचे त्याला वेड. मालकाने त्याच्या हाताची कदर केली, भांडवल दिले आणि 1919 साली कंपनी निघाली. 1931 साली कमिन्सची डिझेल मोटार इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत मध्ये एकदाही न थांबता पुरी धावली. नाव झाले, पण पैसा काही दिसेना. पहिला नफा झाला तो 1937 साली! अठरा वर्षे तोट्यातला धंदा सांभाळायचा म्हणजे किती सब्र लागत असेल, हे दुकानदारी करणाऱ्याला सांगायला नको.

येल व ऑक्सफर्ड येथे शिकून आलेले मिलर 1934 साली, पंचविशीत, याच तोट्यातील कंपनीचे जनरल मॅनेजर झाले. 1940 साली कंपनीने आपल्या इंजिनाची एक लाख मैलांची हमी दिली. मालावर भरवसा असल्याखेरीज असा शब्द देता येत नाही. पुढे महायुद्ध आले. मिलर नौदलात लेफ्टनंट म्हणून ‘लँगली’ या विमानवाहू जहाजावर पॅसिफिक महासागरात होते. परतल्यावर त्यांनी कंपनीचा कारभार हाती घेतला आणि 1951 ते 1977 ते चेअरमन राहिले.

युद्धानंतर गावात मुले वाढली, शाळा अपुऱ्या पडल्या आणि घाईघाईने बांधलेल्या इमारती मिलर यांना पसंत पडेनात. तेव्हा त्यांनी कंपनीच्या फाउंडेशनतर्फे एक तोड काढली. चांगल्या आर्किटेक्टांची यादी आम्ही देऊ, निवड शाळामंडळाने करावी, त्याची फी आम्ही भरू. बांधकामाचा खर्च मात्र गावाचा. देणाऱ्याने हुकमत गाजवायची नाही आणि घेणाऱ्याने फुकटे व्हायचे नाही, असा हा हिशोब. पहिली शाळा 1957 साली उभी राहिली, मग आगीच्या बंबाचे ठाणे, वाचनालय अशा इमारती होत गेल्या. आज दूरदूरचे लोक हे छोटे गाव पाहायला येतात.

कंपनी कर भरण्यापूर्वीच्या नफ्यातून पाच टक्के समाजकार्यासाठी काढीत असे. आपली जकात अडीच टक्के, ती इबादत आहे, तेव्हा तुलना करणे बरोबर नाही. पण आपल्या मोठ्या पेढ्यांनी जकातीखेरीज गावासाठी काय काढले, हे कधी मांडून पाहायला हरकत नाही.

मिलर धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. 1960 साली ते अमेरिकेतील चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष झाले. पाद्री नसलेला माणूस या जागी प्रथमच बसत होता. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी 1963 साली वॉशिंग्टनला निघालेल्या प्रचंड मोर्चाला या परिषदेने साथ दिली. इंजिन विकणाऱ्याने अशा भानगडीत का पडावे, गिऱ्हाईक तुटेल, असे आपल्याकडेही म्हणणारे भेटतात.

1980 नंतरच्या दशकात जपानी स्पर्धा आली. मिलर यांच्या कंपनीने किमती उतरवून बाजार राखला, पण नफा बसला. अशा वेळी हॅन्सन या ब्रिटिश कंपनीने तिचे शेअर घ्यायला सुरुवात केली. कंपनी परक्या हाती गेली तर गावातील रोजगाराचे काय, ही धास्ती होती. निवृत्त झालेल्या मिलर यांच्या कुटुंबाने 1989 साली सुमारे 7 कोटी 20 लाख डॉलर मोजून ते शेअर परत विकत घेतले. तेव्हा मिलर यांचे वय ऐंशी होते. 2004 साली, पंचाण्णव वर्षांचे असताना, आपल्या कोलंबसमध्येच त्यांचे निधन झाले.