नैराश्यावर अळंबीची मात्रा?

काही अळंबींमध्ये सायलोसायबिन हे भास निर्माण करणारे द्रव्य असते. त्याने नैराश्य हटते, असे वाचनात येते. तथ्य किती?

२०२२ साली २३३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. २५ मिलिग्रॅमच्या एकाच डोसाने तीन आठवड्यांत, १ मिलिग्रॅम घेतलेल्यांपेक्षा, स्पष्ट उतार पडला. पण बाराव्या आठवड्यापर्यंत अनेकांचा गुण ओसरला. शिवाय भास होताच खरा डोस मिळाल्याचे रुग्णाला कळते. मग गुण औषधाचा की आशेचा? २०२१ च्या ५९ रुग्णांच्या चाचणीत, मुख्य कसोटीवर ते प्रचलित एस्सिटालोप्रामपेक्षा सरस ठरले नाही.

भारतात त्यावर कायद्याने बंदी आहे. तेव्हा चालू गोळ्या परस्पर थांबवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना विचारा.