तासाला रुपयाची जोड

शनिवारी सकाळी नगर रस्त्यावरून वाघोलीच्या दिशेने जाताना एक दृश्य हमखास दिसते. एखाद्या शाळेच्या दारात मोठी बस उभी असते. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पन्नास-साठ तरुण मंडळी खाली उतरतात आणि हातात ब्रश घेऊन भिंतीवर फुलपाखरे काढू लागतात. दुपारी मुलांना खाऊ मिळतो, सामुदायिक छायाचित्र निघते आणि बस परत जाते. मागे उरतात रंगाचे डबे आणि शाळेच्या बाईंचा एक अस्फुट प्रश्न : ही भिंत गेल्या वर्षीही रंगवली होती, पण पाचवीच्या मुलांना भागाकार कोण शिकवणार?

या तरुणांना हसण्याचे कारण नाही. सुट्टीचा दिवस देऊन ते आलेले असतात आणि त्यांची तळमळ खोटी नसते. प्रश्न आहे तो त्या तळमळीला धरून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. कंपनी पैसे देते ते एका वाटेने, तिची माणसे वेळ देतात ते दुसऱ्या वाटेने आणि या दोन वाटा सहसा कुठे मिळत नाहीत.

वाघोलीला हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बाराशे मुले पुण्याला आणली. त्यांच्या शिक्षणासाठी वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पुढे मेळघाटातील आदिवासी मुले तिथे आली, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुलेही आली. याच वाघोलीच्या दगडखाणींत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेने १९९७ मध्ये पाषाण शाळेचा प्रयोग सुरू केला. आई-बाप खडी फोडतात, काम सरले की बिऱ्हाड दुसऱ्या खाणीवर जाते. म्हणून शाळाच खाणीवर न्यावी, असा तो साधा आणि कष्टाचा विचार होता.

भूकंपात घर गमावलेले मूल असो की खाणीवरचे, त्याला सर्वांत जास्त हवे असते ते सातत्य. तोच चेहरा पुढच्या शनिवारी पुन्हा दिसला पाहिजे. एका दिवसात शंभर माणसे येऊन गेल्याने जे होत नाही, ते दोन माणसे वर्षभर येत राहिल्याने होते. आता वाघोलीच्या उंबरठ्यावर, खराडीत, संगणक कंपन्यांचे टोलेजंग मजले उभे आहेत. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. म्हणजे मनुष्यबळ दाराशी आहे आणि गरजही दाराशी आहे.

मग अडते कुठे? पहिली अडचण अशी, की स्वयंसेवक फुकट पडत नाही. त्याला काम समजावून सांगावे लागते, वेळापत्रक बसवावे लागते. तो आला नाही तर वर्ग सांभाळावा लागतो, आला तर वह्या-साहित्य पुरवावे लागते. हे करणारा पगारी माणूस संस्थेकडे हवा आणि त्याच्या पगारासाठी देणगी मागायला गेले, की दाते तोंड फिरवतात. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर पाटी लागते. समन्वयकाच्या पगारावर पाटी कशी लावणार?

यावर परदेशांतील काही उद्योगांनी एक तोडगा काढला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये अशी प्रथा पाडली, की कर्मचाऱ्याने आपल्या महाविद्यालयाला देणगी दिली तर कंपनीनेही तेवढीच भर घालावी. पुढे पैशाच्या जागी वेळ आला. कर्मचाऱ्याने एखाद्या संस्थेत जितके तास काम केले, त्या हिशेबाने कंपनीने त्याच संस्थेला देणगी द्यायची. मायक्रोसॉफ्टने यासाठी तासाला पंचवीस डॉलर असा दर ठेवला. पैसे कर्मचाऱ्याच्या खिशात जात नाहीत. तो जिथे घाम गाळतो, तिथे जातात.

हिशेबाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. दहा कर्मचारी वर्षातले चाळीस शनिवार दोन-दोन तास शिकवायला गेले, तर आठशे तास झाले. कंपनीने तासाला दोनशे रुपये धरले, तर संस्थेला एक लाख साठ हजार रुपये मिळतात. म्हणजे एका पूर्णवेळ कार्यकर्त्याला महिन्याला तेरा हजारांवर मानधन. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ही रक्कम दिसणारही नाही. खाणीवरच्या शाळेत मात्र तिच्यामुळे एक वर्ग वर्षभर चालतो.

ही कल्पना आपल्याला परकी आहे, असेही नाही. गाडगेबाबा आधी हातात खराटा घेत, गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. लोकांनी त्यांच्या धर्मशाळांसाठी पैसा दिला तो हा खराटा पाहून. अलीकडचा दाखला पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेचा. गावकऱ्यांनी आधी कुदळ-फावडे घेऊन श्रमदान करायचे आणि अशा गावांना भारतीय जैन संघटनेने खोदाईची यंत्रे मोफत पुरवायची, असे २०१८ मध्ये घडले. घाम आधी, यंत्र नंतर. त्यामुळे यंत्राला गावाची मालकी मिळाली आणि घामाला बळ मिळाले. जे शिवारात जमले, ते कार्यालयात का जमू नये?

इथे कायद्याकडे वळावे लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी आली. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळाचे मोल या खर्चात धरावे का, असा प्रश्न लगेच उभा राहिला. जून २०१४ च्या परिपत्रकात त्याला काहीशी मुभा होती. ती टिकली नाही. कर्मचाऱ्यांना सहभागी करून घ्या, परंतु त्यांच्या विनामूल्य सेवेचे पैशांत रूपांतर करून खर्चात दाखवू नका, असे मंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये सांगितले आणि २०२१ मध्येही तीच भूमिका कायम ठेवली.

भूमिका योग्यच आहे. अन्यथा बड्या अधिकाऱ्याने झाडू घेऊन काढलेला एक तास हजारो रुपयांचा ठरला असता आणि संस्थेच्या हाती दमडीही आली नसती. परंतु परिणाम असा झाला, की हिशेबात रुपयाला किंमत आली आणि तासाला राहिली नाही. म्हणूनच तासाच्या मागोमाग रुपया पाठवण्याची पद्धत इथे उपयोगी ठरावी. तास हिशेबात नसला तरी त्याने रुपयाला वाट दाखवावी. मात्र त्यासाठी नियमांत बसणारा, वर्षभराचा प्रकल्प हवा. एका दिवसाचे सोहळे या खर्चात मोडत नाहीत, हेही मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले होते.

काही धोके आहेत, ते झाकून ठेवू नयेत. सेवा ही ऐच्छिक असते. वरिष्ठांच्या डोळ्यांत भरण्यासाठी किंवा वार्षिक मूल्यमापनात गुण मिळावेत म्हणून केलेली सेवा मुलांनाही ओळखू येते. तास मोजायला लागलो, की तास फुगवण्याचा मोहही होतो. म्हणून नोंद संस्थेने ठेवावी आणि काम काय हवे, हेही संस्थेनेच सांगावे. भिंत रंगवायची नसेल, तर ‘नको’ म्हणण्याचे धैर्य तिला हवे आणि ते ऐकण्याची नम्रता कंपनीला. कागदपत्रांच्या जंजाळात मागे पडणाऱ्या लहान संस्थांना नोंदणीसाठी, हिशेबासाठी हात दिला, तर त्यासारखे स्वयंसेवेचे काम नाही. खराडीच्या मजल्यांवर हिशेबनीस काही कमी नाहीत!

दान देणारा उंचावर आणि घेणारा खाली, ही आपल्या मनातली जुनी मांडणी आहे. कर्मचारी स्वतः जमिनीवर बसून भागाकार शिकवू लागला, की ती मोडते. पैसा कुठे कमी पडतो हे त्याला अहवालाशिवाय कळते आणि कंपनीच्या दानाला डोळे फुटतात.

संध्याकाळी बस निघते तेव्हा एखादे मूल खिडकीजवळ येऊन विचारते, ‘‘दादा, पुढच्या शनिवारी येणार ना?’’ या प्रश्नाला आजवर आपण हात हलवून उत्तर दिले आहे. ‘हो’ म्हणता यायचे असेल, तर येणाऱ्याचा तास आणि कंपनीचा रुपया एकाच बसने आले पाहिजेत.