पांढऱ्या वाइनची द्राक्षे आणि आपला ऊस



आपल्यापैकी पुष्कळांची मुले, जावई नोकरीपायी कामोठे-कळंबोलीकडे राहतात. त्या शहरी भागात तळलेल्या पापलेटाबरोबर पांढऱ्या वाइनचा पेला आता नवा राहिलेला नाही. मग सुट्टीत गावी आलेली पोरं म्हणतात, "अण्णा, ऊस कमी करून एकरभर वाइनची द्राक्षं लावूया का?" गट ऑफिसातही अशी विचारणा होते, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

कामोठे खाडीकाठचे. भाताची खारी जमीन, धो धो पाऊस, दमट हवा. अशा हवेत वेलीवर केवडा ठरलेलाच. घाट चढून वर आले की चित्र पालटते. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाडकडे सुमारे 600 मीटर उंची, हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारठा. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली.

पांढऱ्या वाइनच्या दोन जाती इकडे मुख्य. शेनिन ब्लां मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली. आज तिचे सर्वाधिक क्षेत्र दक्षिण आफ्रिकेत आहे. तिला नासपती, पिकला पेरू, मध असा वास येतो. सोव्हिन्यों ब्लां हीही फ्रान्सचीच, पण न्यूझीलंडने गाजवली. तिला कापलेले गवत, ढोबळी मिरची, लिंबू यांचा वास. यात वरून फळ काही घालत नाहीत. वास द्राक्षाचा आणि आंबवण्याचा.

आपण रिफ्रॅक्टोमीटरवर उसाचा ब्रिक्स पाहतो, तोच इथेही पाहतात. 22 ब्रिक्सच्या रसातून साधारण 12 टक्के अल्कोहोल होते. फरक एवढाच, की इथे साखर वाढते तशी आंबटाई उतरते आणि आंबटाई गेली की वाइन मिळमिळीत. म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये, गारव्याच्या वेळी तोडणी करतात. रस पिळून साली बाजूला काढतात आणि थंड टाक्यांत आंबवतात.

माशावर आपण लिंबू पिळतो, तेच काम ही आंबटाई करते. त्यामुळे तळलेला जिताडा, पापलेट, कोळंबी यांच्याशी कोरडी सोव्हिन्यों जमते. नारळाच्या सौम्य कालवणाशी किंचित गोड शेनिन. आपल्या तांबड्या रश्श्यापुढे मात्र कोरडी वाइन टिकत नाही, तिखटाने अल्कोहोल जास्तच झोंबते. वाइन झाली तरी ती दारूच, हेही ध्यानात असू द्यावे.

आता मुद्द्याचे. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. कारखाने वाढले, सांगली जिल्ह्यात पलूसलाही वाइन पार्क झाला. पुढे 2008-09 मध्ये जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर मागणी घसरली. माल उचलला जाईना, तेव्हा अनेक बागायतदारांनी बागा उपटल्या. ही द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. खायच्या बाजारात त्यांना कोण घेणार? गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वाइन कारखाना.

उसाला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. एफआरपी आहे, 14 दिवसांत बिल द्यावे असा नियम आहे. वाइनच्या द्राक्षाला असा कायद्याने ठरलेला भाव नाही. लागण बिघडली तर पुढच्या हंगामात रान मोकळे करता येते. बागेचे तसे नाही. मांडवाचा खर्च आधी, पुरते पीक दोन-तीन वर्षांनी.

तेव्हा ज्यांना करायचेच आहे त्यांनी तोंडी शब्दावर रोप लावू नये. किती वर्षे माल घेणार, ब्रिक्स व आंबटाईप्रमाणे काय भाव, पैसे किती दिवसांत, हे लेखी घ्यावे. सही करण्यापूर्वी कराराचा कागद गट ऑफिसात आणावा. आम्ही बरोबर बसून वाचू. आणि पहिल्या वर्षी सगळा ऊस मोडू नये.